ड्रोनला डोळे कुठून आणायचे?

प्रश्न: दादा, आम्ही वडोदऱ्यात कारेलीबागेत राहतो, हरणीचं विमानतळ अगदी जवळ. माझ्या भाच्याने अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन घेतलाय आणि उत्तरायणला अगाशीवरून पतंगांचा व्हिडिओ काढायचा म्हणतोय. मी नको म्हटलं तर म्हणे एवढ्याशा खेळण्याला लायसन्स लागत नाही. खरंय का? आणि मोठी विनापायलट विमानं आहेतच ना जगात, मग ती प्रवासी विमानांसोबत सरळ का उडवत नाहीत?

उत्तर: ताई, भाचा अर्धं बरोबर बोलतोय. 2021 च्या ड्रोन रूल्समध्ये 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण झोनचा नियम त्यालाही लागू आहे. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत ग्रीन झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येईल असं आकाश, नसतंच, 8 ते 12 मध्ये ते 200 फुटांपर्यंत, त्यापुढे 400 फुटांपर्यंत, तेही सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ वेबसाइटवरच्या मॅपवर तिथे दुसरा काही झोन नसेल तर. म्हणजे तुमच्या अगाशीवरून परवानगीशिवाय नाहीच.

आणि खेळणं म्हणू नका हो त्याला. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला असाच एक छोटा ड्रोन धडकला, पंखाला भोक पडलं आणि आग पेटलेली असताना विमान दुरुस्तीला उभं राहिलं. उडवणाऱ्याने तो दोन किलोमीटरच्या वर लांब नेला होता, त्याला तो दिसतच नव्हता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. आकाशातले सगळे नियम पायलटला बाहेर दिसतं असं धरून केलेत, दोन विमानं समोरासमोर आली तर दोघांनी उजवीकडे वळायचं, पण वळायला आधी दिसायला तर हवं ना. पतंग उडवताना आपली नजर पतंगावर असते, शेजारचा पेच लावायला आला की लगेच कळतं, ड्रोनवाल्याची नजर मात्र स्क्रीनवर, आणि स्क्रीनवर कॅमेऱ्याच्या समोरचं तेवढंच दिसतं. मोठ्या विनापायलट विमानाला म्हणून रडार, कॅमेरे, ट्रान्सपॉन्डर (म्हणजे ‘मी इथे आहे’ असा सिग्नल देणारं यंत्र) लावून ‘डिटेक्ट अँड अव्हॉइड’, म्हणजे समोरचं ओळखून टाळणारी, सिस्टिम द्यावी लागते. पण ट्रान्सपॉन्डर नसलेलं एखादं छोटं विमान किंवा ग्लायडर समोर आलं तर ते रडार-कॅमेऱ्यानेच ओळखायचं, आणि हेच सगळ्यात अवघड आहे.

दुसरी अडचण लिंकची. पायलट जमिनीवर, सिग्नल सॅटेलाइटवरून जाणार-येणार, त्यात वेळ जातो, आणि लिंक तुटलीच तर विमान आता काय करणार, सरळ जाणार की परत फिरणार, हे जमिनीवरून विमानांना वाट सांगणाऱ्या कंट्रोलरला आधीपासून माहीत हवं, नाहीतर तो बाकीच्यांना कुठे वळवणार? म्हणून अशा विमानांसाठी बऱ्याचदा आकाशाचा एक तुकडा रिकामा करून देतात, आणि तसं किती दिवस करणार, प्रवासी विमानांची गर्दी तर वाढतेच आहे. अमेरिकेत 2012 च्या कायद्याने सप्टेंबर 2015 पर्यंत यांना सामान्य आकाशात सुरक्षितपणे सामावून घ्या असं सांगितलं होतं, आणि काम अजून चालूच आहे. मला तरी ही सावकाशी योग्यच वाटते, वर माणसं बसलेली असतात.

भाच्याला हौस आहे तर मोडू नका. डिजिटल स्कायचा मॅप उघडून 12 किलोमीटरच्या पलीकडचं, एखाद्या नातेवाइकांचं शेत शोधा, तिथे ग्रीन झोन दिसतोय का ते बघा आणि ड्रोन नजरेसमोरच ठेवायला सांगा. फक्त उत्तरायणच्या दिवशी तिथेही नको. मांजा पंख्यात गुंतला की ड्रोन खाली येतो, आणि त्या दिवशी पोरं पतंगामागे वर बघतच धावत असतात.