वीसच्या भावाचा नवा घोडा धरावा का?

प्रश्न: काका नमस्कार. मी राहतो दांडिया बाजारात, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत. ऑगस्टमध्ये पुण्याला मामेभावाकडे जातोय, तो रेसला नेणार आहे. त्याचं म्हणणं असं की फेव्हरेटवर (ज्याच्यावर सगळ्यांत जास्त पैसे लागतात त्या घोड्यावर) लावून हाती काय येतं, त्यापेक्षा तीन वर्षांचा नवा घोडा धर, वीस-पंचवीसचा भाव असलेला, म्हणजे रुपयाला वीस-पंचवीस नफा देणारा, एकदा लागला की सगळं वसूल. मी पाच हजार बाजूला काढलेत. पण असा घोडा ओळखायचा कसा? (घरी सांगितलेलं नाही, नाव छापू नका.)

उत्तर: नाव नाही छापत. पण तुमचा मामेभाऊ अर्धंच सांगतोय. भाव मोठा आहे म्हणून घोडा धरायचा नसतो, तो भाव चुकलाय असं आपल्याला का वाटतं ते एका वाक्यात सांगता आलं तरच खिशात हात घालायचा. आणि नव्या घोड्याच्या बाबतीत लोक बहुतेक वेळा चुकतात ते अंतरात.

आपल्या बडोद्याचंच घ्या ना. 1945 साली बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी इंग्लंडात एक वर्षाचं शिंगरू घेतलं, 28,000 गिनी (तेव्हाचं इंग्रजी नाणं) मोजून, तेव्हा तो विक्रम होता, कारण त्याचा सख्खा भाऊ डान्टे त्याच वर्षी डर्बी ही इंग्लंडची मोठी रेस जिंकलेला. नाव ठेवलं सयाजीराव. 1947 च्या एप्सम डर्बीत तो धावला तेव्हा सगळी दुनिया ट्यूडर मिन्स्ट्रेल या घोड्याच्या मागे होती, आणि का नसेल, एका मैलाची टू थाउजंड गिनीज ही रेस त्यानं 8 लांबींनी (आठ घोड्यांच्या लांबीइतक्या फरकानं) मारली होती आणि आपला सयाजीराव त्यात तिसरा. पण डर्बी दीड मैलाची. शेवटी जिंकला फ्रान्सहून आलेला पर्ल डायव्हर, भाव 40 ला 1! सयाजीराव तिसरा आणि ट्यूडर मिन्स्ट्रेल चौथा. पुढे सयाजीरावनं त्याहून लांब अंतराची सेंट लेजर ही रेस मारली. म्हणजे मैलाला जो राजा तो दीड मैलाला राजा राहीलच असं नाही, आणि मैलाला मागे पडलेला पुढे वाढलेल्या अंतरात उगवू शकतो.

पुण्यात हेच शोधायचं. रेसच्या पुस्तकात एखाद्या तीन वर्षांच्या घोड्यापुढे पाचवा, सहावा असे आकडे दिसतात, लोक पान उलटतात आणि भाव चढतो. तुम्ही त्या रेसचा व्हिडिओ बघा, फक्त शेवटचे 400 मीटर. 1200 च्या रेसमध्ये सुरुवातीला मागे राहिलेला, वळणावर इकडेतिकडे बघणारा, पण शेवटी जॉकीनं चाबूक न उचलता दोन-चार घोडे कापून आलेला असेल, आणि आज त्याला 1600 ला काढलाय, वर आईबाप लांब अंतरातले, तर तो भाव बघण्यासारखा. बाकी सगळं दुय्यम.

मग पॅडॉकला (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे) या, तिथे घाई करू नका. घोडा चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडतोय का ते बघा, पावसानं जमीन ओली असेल तर ठसे नीट दिसतात. मागच्या मांड्यांच्या मध्ये साबणासारखा पांढरा फेस आला असेल तर बेटा रेसआधीच दमतोय, नव्या घोड्यांना हे फार होतं. एक कबुली देतो. मी एकदा एका चेस्टनटच्या (तांबूस घोड्याच्या) कपाळावरच्या चांदणीला भाळलो, पंचवीसचा भाव होता, फेस दिसत होता तरी म्हटलं पुण्याचा दमटपणा असेल, आणि तो गेटमधून निघताना बाजूला भरकटला आणि शेवटचा आला. दोनशे रुपये आणि घरच्यांची बोलणी.

आता हिशोब, जो मामेभाऊ सांगणार नाही. पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40. तो वर धरला की 100 च्या तिकिटाला खिशातून 140 जातात, वीसच्या भावानं परत येतात 2,100, नफा 1,960, म्हणजे तुमचा वीसचा भाव खरा चौदाचाच. त्यावर जिंकलेली रक्कम 10,000 च्या पुढे गेली की 30 टक्के टीडीएस. पंधरातून एकदा लागेल असा घोडा असेल तर जेमतेम बरोबरी, आणि लांब भावाचे घोडे त्यांच्या भावाच्या मानानं कमीच जिंकतात, हे जगभर बघितलं गेलंय.

म्हणून पाच हजार नको. पाचशे न्या, तेही टोटवर (रेसकोर्सवरच्या अधिकृत खिडकीवर) प्लेसला लावा, नवा घोडा दुसरा-तिसरा आला तरी काहीतरी हातात येतं. व्हॉट्सअॅपवर ‘पक्की टिप’ विकणाऱ्यांकडे बघूही नका, पक्की असती तर विकली कशाला असती. आणि इथे बडोद्यात फोनवर पैसे घेणारा बुकी बेकायदेशीर आहे, त्याच्या नादी लागू नका. घरीही सांगून टाका, पाचशेसाठी लपवालपवी कशाला.

प्रश्न: आम्ही रेसकोर्स सर्कलपाशी राहतो, मुलगी विचारते सगळ्या रेसच्या घोड्यांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो हे खरं का?

उत्तर: हो ताई, भारतात 1 जानेवारीला. जानेवारीत जन्मलेलं आणि एप्रिलमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाचं. म्हणून तीन वर्षांच्या रेसमध्ये एखादं लहानखुरं, मागे राहणारं दिसलं तर पुस्तकात त्याची जन्मतारीख बघा, उशिरा जन्मलेलं असेल तर ते अजून वाढतंय. वरच्या प्रश्नातल्या भाऊंनीही हे लक्षात ठेवावं.