वेगळी मोबाइल साइट काढू नका, आहे तीच नीट करा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीची जुनी साइट आहे, तिच्यावर सोयाबीन, तूर, कापसाचे भाव रोज टाकता, मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि काही पानांवर मराठीऐवजी भलतंच काही उमटतं. 'एम डॉट' वाली, म्हणजे फक्त मोबाइलसाठी m. ने सुरू होणाऱ्या पत्त्याची वेगळी साइट करावी का?

नको. दोन साइट म्हणजे रोजचे भाव दोन ठिकाणी भरणं, आणि एकीकडे कालचे राहिले की शेतकरी तेच पाहून माल काढतो. शिवाय गूगल आता पानाची मोबाइल आवृत्तीच मोजतं. तिथे मजकूर कापून टाकलात तर तो शोधातूनही जातो. पत्ता एकच ठेवा आणि स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलू द्या.

सगळ्यात आधी एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइली उतरवायची सोय) पूर्ण फोल्डरची आणि होस्टिंगच्या पॅनलमधून एक्स्पोर्ट करून डेटाबेसची प्रत काढून ठेवा.

मग मराठीकडे बघा, कारण तुमचं खरं दुखणं तिथेच दिसतं. बिघडलेल्या पानावरचा परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी गायब होऊन इंग्रजी अक्षरांचा गोंधळ आला तर ते पान कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. ऑफिसच्या संगणकात तो फॉन्ट असतो म्हणून तिथे नीट दिसतं, फोनमध्ये नसतो. मांडणी कितीही सुधारली तरी हे सुटत नाही, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनना कळणाऱ्या अक्षर-संकेतात, बदलावाच लागतो. त्यासाठीच्या कन्व्हर्टरमध्ये अख्खी एचटीएमएल फाइल टाकू नका, टॅग मोडतात. फक्त मजकूर टाका, आणि त्यातले इंग्रजी शब्द नि ईमेल पत्ते आधी बाजूला काढा. नंतर रफार, पहिली वेलांटी आणि 'वऱ्हाड'सारखे शब्द डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात. पानात कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ आणि डेटाबेस यूटीएफ-८ एमबी-४ (utf8mb4) करा, हे युनिकोड साठवायचे प्रकार आहेत. डेटाबेसमध्ये एकदा प्रश्नचिन्हं साठली की मूळ मजकूर परत मिळत नाही, म्हणून हे भरण्याआधीच करायचं. पानाची भाषा 'एमआर' (mr, मराठीचा संकेत) लिहा, म्हणजे चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा नियम असेल तर काढा, शिरोरेषा तुटते. ओळींची उंची १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरखालच्या मात्रा एकमेकींना लागतात.

आता मांडणी. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (फोनला पानाची रुंदी सांगणारी ओळ) नसला की फोन पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद समजून आकुंचित करतो, अक्षरं बारीक होण्याचं कारण हेच. टॅग टाकल्यावर मात्र पान उजवीकडे बाहेर पळतं आणि बरेच जण घाबरून टॅग काढून टाकतात. काढू नका. बाहेर पळतं कारण आतला डबा ९६० पिक्सेलचा ठोकलेला असतो. तिथे सीएसएसमध्ये (मांडणीचे नियम) विड्थ काढून मॅक्स-विड्थ द्या, चित्रांना मॅक्स-विड्थ १०० टक्के आणि हाइट ऑटो. मग ७६८ पिक्सेलखाली मीडिया क्वेरी (ठरावीक रुंदीलाच लागू होणारा नियम) लावून बाजूची पट्टी मजकुराच्या खाली आणा. जुन्या साइटमध्ये मांडणीच टेबलवर असते. त्या टेबलला वेगळा क्लास देऊन त्याच्या ओळी आणि खाने डिस्प्ले ब्लॉक करा. क्लास न देता सरसकट नियम लावलात तर भावाचा तक्ताही विस्कटतो.

भावाच्या तक्त्यावर मात्र वेळ घाला, लोक साइट त्यासाठीच उघडतात. तो एका डिव्हमध्ये (एचटीएमएलमधला डबा) घालून ओव्हरफ्लो-एक्स ऑटो करा, म्हणजे फक्त तक्ता सरकेल, पान नाही. मालाचं नाव असलेला पहिला रकाना स्टिकी (सरकवतानाही जागीच राहणारा) ठेवा आणि त्याला पार्श्वभूमीचा रंग द्या, नाहीतर मागचे आकडे त्यातून दिसतात. तक्त्याची बॉर्डर कोलॅप्स (शेजारच्या रेघा एकत्र केलेली) असेल तर सरकताना रेघा नाहीशा होतात, ती सेपरेट करून स्पेसिंग शून्य करा. किमान दराआधी सर्वसाधारण दर घ्या, आवक शेवटी. तारीख तक्त्याच्या डोक्यावरच, ठळक.

मेनू माऊस नेल्यावर उघडणारा असेल तर बोटाने नीट उघडत नाही, तो टॅपने उघडायला हवा. दुव्यांची उंची ४८ पिक्सेल ठेवा. फॉर्मच्या खान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली तर आयफोन स्वतःहून पान मोठं करतो. फोन नंबर टॅप करताच लागेल असा दुवा करा.

फोनवरून काढलेले फोटो जसेच्या तसे चढवू नका. रुंदी १००० पिक्सेलवर आणून सेव्ह केले की बहुतेक फोटो शे-दीडशे केबीत बसतात. सूचनेचा स्कॅन टाकण्याऐवजी सूचना टाइप करा. गावात रेंज एका दांडीवर असते, तिथे जड पीडीएफ उघडतच नाही.

तपासायला क्रोममध्ये एफ-१२ दाबून कंट्रोल-शिफ्ट-एम दाबा, रुंदी ३६० ठेवा आणि नेटवर्क थ्री-जी वर आणा. त्यानंतर एखाद्या सभासदाच्या स्वस्त फोनवर, उन्हात उभं राहून बघा. फिकट करडी अक्षरं ऑफिसात चालतात, शेतात वाचता येत नाहीत. बदल करूनही जुनंच दिसत असेल तर सीएसएस फाइलच्या दुव्यापुढे आवृत्तीचा नवा आकडा लावा, फोन साठवलेली जुनी फाइल दाखवत असतो.

तुमची साइट वर्डप्रेसवर आहे की साध्या पीएचपीवर, ते कळवा. वर्डप्रेस असेल तर मांडणीचं बरंचसं काम थीम बदलून होईल, मराठीचं मात्र हातानेच करावं लागेल.