चिनी खगोलशास्त्रात चार दिशांचे रक्षक प्राणी कोणते, आणि नेमके तेच प्राणी त्या दिशांना का?

पूर्वेला निळा-हिरवा ड्रॅगन, दक्षिणेला तांबडा पक्षी, पश्चिमेला पांढरा वाघ आणि उत्तरेला सापाने वेढलेलं काळं कासव. (तांबड्या पक्ष्याला सर्रास फिनिक्स म्हणतात, पण चिनी परंपरेत ते दोन वेगळे पक्षी आहेत.)

तुमच्या प्रश्नातला ‘का’ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे इंद्र, यम, वरुण, कुबेर या दिक्पालांना दिशा नेमून दिलेल्या आहेत. चिनी प्राणी मात्र ताऱ्यांचेच बनलेले आहेत. चंद्राच्या वाटेवर चिनी लोकांनी २८ नक्षत्रं मानली आणि सात-सात नक्षत्रांचा एकेक प्राणी केला. आता आकाश तर रोज फिरतं, मग ड्रॅगन पूर्वेचाच का? कारण ही मांडणी वसंतातल्या संध्याकाळची आहे. तेव्हा ड्रॅगन पूर्वेला उगवत असतो, पक्षी दक्षिणेला वर आलेला असतो, वाघ पश्चिमेला कललेला असतो आणि कासव क्षितिजाखाली असतं. म्हणूनच ड्रॅगनकडे वसंत ऋतूही आला.

हे आपल्याकडूनही दिसतं. एप्रिलच्या सुरुवातीला रात्री आठ-साडेआठला पूर्वेकडे चित्रा बघा. ते ड्रॅगनचं शिंग! मग रात्र चढेल तसा बाकीचा ड्रॅगन वर येतो: ज्येष्ठा हे त्याचं हृदय, मूळ नक्षत्र ही शेपटी. आपण जिथे विंचू पाहतो, तिथेच त्यांच्या ड्रॅगनचा मागचा अर्धा भाग आहे. त्याच वेळी पश्चिमेला मृग आणि कृत्तिका दिसतात, तो वाघ. आश्लेषा ही पक्ष्याची चोच. चिनी पंचांगात दुसऱ्या महिन्याच्या द्वितीयेला ‘ड्रॅगन डोकं वर काढतो’ असा सणच आहे. त्या दिवशी केस कापणं शुभ मानतात.

हे चौघे एकदम जमले असं दिसत नाही. हूबेई प्रांतातल्या स्वेचो इथे १९७८ साली झंग राज्याच्या यी नावाच्या अधिपतीची कबर उकरली गेली. काळ साधारण इ.स.पू. ४३३. तिथल्या लाखकाम केलेल्या एका पेटीच्या झाकणावर मधोमध सप्तर्षींसाठीचं अक्षर आहे, भोवती २८ नक्षत्रांची नावं, एका अंगाला ड्रॅगन आणि दुसऱ्या अंगाला वाघ. झाकणावर पक्षी नाही, कासवही नाही! हान राजवंशाच्या काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) मात्र चौघेही छपराच्या कौलांवर कोरलेले सापडतात. पुढे ही चौकडी कोरिया आणि जपानमध्येही गेली. जपानच्या आसुका गावातल्या कितोरा कबरीत चार भिंतींवर चौघे सापडले आणि छतावर ताऱ्यांचा नकाशा.

उत्तरेच्या कासवाचं नशीब सगळ्यात वेगळं. त्याचं नाव शुआनवू. चीनच्या ताओ धर्मपंथात तो हळूहळू माणसाच्या रूपातला मोठा देव झाला, आणि मिंग घराण्यातल्या सम्राट योंगलने वूदांग पर्वतावर त्याच्यासाठी मंदिरांचा अख्खा समूह बांधला. मूर्तीत तो देव बसलेला असतो आणि मूळचे कासव-साप त्याच्या पायाशी.