'आय/ओ एरर' आला म्हणून डिस्क फेकू नकोस
ॲपल टू या जुन्या घरगुती संगणकाची मूळ गेम-डिस्क (फ्लॉपी) हाती लागली की लगेच साधा कॉपी प्रोग्रॅम चालवू नकोस. डॉस ३.३ मध्ये, म्हणजे त्या संगणकाच्या डिस्क-प्रणालीत, ३५ ट्रॅक (गोल पट्टे), प्रत्येकात १६ सेक्टर (तुकडे), आणि प्रत्येक सेक्टरच्या पत्त्याआधी डी५ एए ९६ (हेक्स अंकांत) हे तीन खुणेचे बाइट. नक्कल होऊ नये म्हणून गेमवाले यातलाच एखादा बाइट बदलायचे. गेमचा स्वतःचा लोडर तो बरोबर ओळखतो. डॉस मात्र 'आय/ओ एरर' म्हणत हात वर करतं. (अशी एक धडधाकट डिस्क मी कचऱ्यात टाकलीय, अजून चुटपुट लागते.) कुठे कुठे डेटा चक्क दोन ट्रॅकच्या मधोमध लिहिलेला असतो. म्हणून सेक्टर नको, फ्लक्स (डिस्कवरचे कच्चे चुंबकीय बदल) उतरव आणि वॉझ फाइल (असे बारकावे जपणारी ॲपल टू डिस्कची प्रत) ठेव. त्याआधी ड्राइव्हचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. आणि हो, डिस्कच्या खाचेवर चिकटपट्टी, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही!