बहिष्कार कोणी टाकायचा?

प्रश्न : २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकवर अमेरिका, ब्रिटनने बहिष्कार टाकला असे वाचले, मग त्यांचे खेळाडू तेथे कसे खेळले?

उत्तर : तो राजनैतिक बहिष्कार होता. चीनच्या शिनजियांग प्रांतातील उइगुर मुस्लिमांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ या देशांनी मंत्री व अधिकारी पाठवले नाहीत. खेळाडूंना मात्र मोकळीक दिली. लोकशाही देशांत खेळाडू पाठवण्याचा निर्णय सहसा राष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा असतो. १९८०मध्ये अफगाणिस्तानवरील सोव्हिएत आक्रमणानंतर ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी खेळाडूंनी मॉस्को ऑलिंपिकला जाऊ नये असा आग्रह धरला, तरी ब्रिटिश समितीने तो मानला नाही आणि ब्रिटिश धावपटू सेबॅस्टियन को याने १५०० मीटर शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. पदक स्वीकारताना वर चढला तो मात्र ब्रिटनचा नव्हे, ऑलिंपिकचा ध्वज. अमेरिकेत मात्र अध्यक्ष कार्टर यांच्या दबावापुढे समिती नमली, आणि ज्यांनी उमेदीची वर्षे सरावात घालवली त्या खेळाडूंच्या तोंडचा घास गेला. सोव्हिएत फौजा तरीही १९८९पर्यंत अफगाणिस्तानातच होत्या. म्हणून माझ्या मते, व्यापार अबाधित ठेवून केवळ खेळाडूंकडून त्याग मागणे अन्यायाचे आहे. खरा आग्रह यजमानपद देतानाच धरला पाहिजे, कारण बीजिंगची निवड २०१५मध्येच झाली होती आणि मानवी हक्कांच्या अटी घालण्याची वेळ तीच होती.