'गुरुत्वचुंबकीय' या शब्दातलं चुंबक कुठे आहे?

नागपूरच्या बर्डीवर विज्ञानाची शिकवणी घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाने कुठेतरी 'गुरुत्वचुंबकीय' हा शब्द वाचला आणि भर वर्गात विचारलं, "मॅडम, विद्युतचुंबकीय म्हणजे वीज अन् चुंबक एकाच घरचे निघाले ना? मग गुरुत्वचुंबकीय म्हणजे गुरुत्वाकर्षण अन् चुंबकही एकाच घरचे. तर हे पुस्तकात काहून नाही?" ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: हे दोन्ही समास एकाच जातीचे आहेत का, आणि दुसरा शब्द वापरावा का.

ताई, पोराचा तर्क व्याकरणाला धरून आहे. घोळ शब्द पाडणाऱ्याने घातला आहे.

'विद्युतचुंबकीय'मध्ये द्वंद्व समास आहे, 'विद्युत आणि चुंबक'. हा 'आणि' फुकटात मिळालेला नाही. १८२० साली ओरस्टेडला दिसलं की तारेतून विद्युतधारा सोडली की शेजारची चुंबकसूची वळते. १८३१मध्ये फॅरेडेने हलत्या चुंबकातून वीज काढून दाखवली. १८६५मध्ये मॅक्सवेलने दोघांना एकाच गणितात बांधलं. म्हणजे तो 'आणि' पंचेचाळीस वर्षं राबून कमावलेला आहे. (संस्कृतच्या नियमाने खरं तर 'विद्युच्चुंबकीय' व्हायला हवं, आणि जुन्या वळणाचे लेखक तसं लिहितातही. मराठीत आपण 'विद्युत' पूर्ण उच्चारतो, त्यामुळे संधी न करता लिहिलं तरी मला खटकत नाही. निसर्गात झालेला संधी आपण कागदावर टाळतो, एवढीच गंमत.)

गुरुत्वासाठी असा 'आणि' मिळवायचा प्रयत्न झालाच नाही असं मात्र नाही. पुन्हा फॅरेडेच. १८४९मध्ये त्याने तारेची वेटोळी उंचावरून खाली सोडली आणि पडताना तारेत वीज उपजते का ते पाहिलं. निष्कर्ष नकारार्थी आला. तो त्याने तसाच जाहीर केला, पण शेवटी लिहून ठेवलं की पुरावा हाती लागला नसला तरी गुरुत्व आणि वीज यांचं नातं आहे ही माझी ठाम भावना यामुळे हललेली नाही. दहा वर्षांनी लंडनमध्ये एका उंच मनोऱ्यात शिशाची जड वजनं वरखाली करून त्याने पुन्हा पाहिलं. पुन्हा काही नाही. यावेळी स्टोक्स या शास्त्रज्ञाने निबंध छापू नका असा सल्ला दिला आणि त्याने तो मानला. मला फॅरेडेचा हा हट्ट फार आवडतो, पण हट्टाने समास सुटत नाही.

मॅक्सवेल कुठे अडला ते तर थेट शब्दचर्चेचंच प्रकरण आहे. विजेत सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात. गुरुत्वात सगळंच सारखं, आणि तरी सगळं एकमेकांना ओढतं. विजेचं गणित गुरुत्वाला लावलं तर क्षेत्राची ऊर्जा ऋण येते. हे कसं समजून घ्यायचं ते सुचेना, म्हणून १८६५च्या त्याच निबंधात त्याने हा विषय तिथेच सोडला. आता आपले शब्द बघा. 'गुरुत्वाकर्षण' रूढ झाला, 'विद्युताकर्षण' झाला नाही. विजेला आकर्षणाबरोबर प्रतिकर्षणही आहे, तिच्या नावात एकच बाजू कशी घालणार? गुरुत्वाला दुसरी बाजूच नाही.

मुळात 'गुरुत्वा'त ओढणं नव्हतं. गुरु म्हणजे जड. लघु-गुरु अक्षरांतला गुरु तो हाच. लॅटिन 'ग्रॅविस' हा त्याचा चुलतभाऊ, म्हणजे इंग्रजीतली 'ग्रॅव्हिटी' आपल्या 'गुरुत्वा'ची नात्यातलीच आहे. कणादाच्या वैशेषिकसूत्रांत 'संयोगाभावे गुरुत्वात् पतनम्' असं सूत्र आहे: आधार सुटला की जडपणामुळे वस्तू पडते. त्याच आह्निकात (म्हणजे अध्यायाच्या त्याच भागात) थोडं पुढे सुई चुंबकाकडे सरकते त्याचा उल्लेख येतो आणि तिथे कारण दिलंय 'अदृष्ट', म्हणजे न दिसणारं काहीतरी. पडणं एका खात्यात, चुंबक दुसऱ्या खात्यात. ओढण्याची कल्पना गुरुशेजारी येऊन बसलेली मला भास्कराचार्यांच्या ११५०च्या सिद्धान्तशिरोमणीत भेटते: 'आकृष्टिशक्तिश्च मही तया यत् खस्थं गुरु'. आपल्या समासाचे दोन्ही तुकडे एकाच ओळीत! (एवढ्यावरून न्यूटनचा नियम आपल्याकडे आधीच होता असे मेसेज फिरवू नका. अंतराच्या वर्गाचा हिशोब त्या श्लोकात नाही.)

मग 'गुरुत्वचुंबकीय' म्हणजे काय? हलत्या प्रभारामुळे चुंबकत्व येतं. तसंच हलत्या किंवा फिरत्या वस्तुमानामुळे गुरुत्वात एक जास्तीचा, फार बारीक परिणाम येतो, असं आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून निघतं. दोन्हीकडचं गणित दिसायला सारखं, म्हणून नाव उसनं घेतलं. पृथ्वी फिरताना आजूबाजूचा अवकाश किंचित ओढून नेते. २००४मध्ये सोडलेल्या 'ग्रॅव्हिटी प्रोब बी' या उपग्रहाने हे मोजलं. अपेक्षा होती वर्षाला ३९ सहस्रांश विकलांची, मोजमाप आलं सुमारे ३७. एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग, तिचे हजार तुकडे केले तर त्यातले ३७! यात चुंबक औषधालाही नाही. तेव्हा विग्रह 'गुरुत्व आणि चुंबक' असा करायचाच नाही, 'गुरुत्वाचा चुंबकासारखा परिणाम' असा करायचा. समासात 'सारखा' गिळला गेला आणि पोरगा फसला. मी तरी 'गुरुत्वाचा चुंबकसदृश परिणाम' असंच लिहीन. लांब आहे, पण फसवत नाही.

त्याला एवढंही सांगा की गुरुत्व आणि विद्युतचुंबकत्व या दोघांची अगदीच ओळख नाही असं नाही. सूर्याजवळून जाणारा प्रकाश वाकतो, हे १९१९च्या ग्रहणात मोजलं गेलं, आणि प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहरच आहे. विद्युतचुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जासुद्धा गुरुत्व निर्माण करते. कलुझा या गणितज्ञाने १९२१मध्ये पाचवी मिती घेऊन दोघांना एका छताखाली आणून पाहिलं, पण तो संसार कागदावरच राहिला. शेजार आहे, सोयरीक नाही.

जाता जाता दुसरा एक सापळा. 'गुरुत्वलहरी' आणि 'गुरुत्वीय लहरी' एकच समजू नका. अंबाझरीवर वारा सुटला की तलावावर ज्या मोठ्या लाटा उठतात त्या गुरुत्वलहरी. उचललेलं पाणी गुरुत्व खाली ओढतं म्हणून त्या चालतात. बारीक, पावणेदोन सेंटिमीटरपेक्षा आखूड तरंग मुख्यतः पृष्ठताणावर चालतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटरच्या बाहूंची वेधशाळा ठरली आहे, ती गुरुत्वीय लहरींसाठी, म्हणजे अवकाशाच्याच थरथरीसाठी. इथे एक 'ईय' गाळला की अंबाझरी थेट कृष्णविवरांपर्यंत पोचते.

आणि 'क्षेत्र'? त्याचंच झिजून 'शेत' झालं, आणि इंग्रजांनीही या कल्पनेला शेताचाच शब्द दिला. आपल्याकडे शेताला वावर म्हणतात, पण मुलाला सांगा, बोर्डाच्या पेपरात 'विद्युतचुंबकीय वावर' लिहू नको.