संशय घेतलास, आता तपास कर

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

मैत्रिणीशी गुडघेदुखीविषयी बोलणे झाले, संध्याकाळी तुझ्या फोनवर नी-कॅपची जाहिरात आली आणि तेव्हापासून तू फोन कपाटात कपड्यांखाली ठेवून मगच घरात बोलतेस, हे तुझ्या पत्रात वाचले. घरचे तुला हसतात, असेही तू लिहिले आहेस. मला हसू आले नाही. मला राग आला तो एवढ्या लांबलचक पत्रात कोणत्या ॲपला मायक्रोफोनची परवानगी आहे, हे तू एकदाही पाहिल्याचा उल्लेख नाही, याचा. एखादी गोष्ट घडू शकते आणि ती घडली आहे, यांच्यामध्ये तपासाची जागा असते. ती रिकामी ठेवून तू थेट भीतीपर्यंत पोहोचली आहेस, आणि तुला हसणारेही ती तशीच रिकामी ठेवून निर्धास्त झाले आहेत. दोघांनीही तपास केलेला नाही.

मायक्रोफोनचाच प्रश्न घे. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासली. मालकाच्या नकळत मायक्रोफोन सुरू करून आवाज बाहेर पाठवणारे एकही ॲप त्यांना सापडले नाही. मात्र काही ॲप्स स्क्रीनवर चाललेल्या हालचालींचे चित्रण करून ते तिसऱ्याच कंपनीकडे पाठवत असल्याचे आढळले. शोधायला गेले ते मिळाले नाही, आणि मिळाले ते कोणाच्या मनातही नव्हते. यावरून असे कधीच घडत नाही हे सिद्ध होत नाही, हेही त्या संशोधकांनीच सांगितले होते. तपास करणारा माणूस असा बोलतो, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

आता थोडे गणित. बोलणे बऱ्यापैकी दाबून सेकंदाला सोळा किलोबिट या गतीने पाठवले, तर तासाला सुमारे सात मेगाबाइट आणि दिवसभरात सुमारे १७० मेगाबाइट होतात. एवढा डेटा रोज बाहेर गेला, तर तो वापराच्या आकड्यांत दिसतो. पण या उत्तरावर समाधान मानू नकोस, कारण फोनमध्येच आवाजाचे अक्षरांत रूपांतर करून फक्त मजकूर पाठवला, तर दिवसाचे सगळे बोलणे काहीशे किलोबाइटमध्ये मावते आणि ते कोणाच्याही नजरेतून सुटते. मग दुसरीकडे पाहावे लागते. आयफोनवर २०२० पासून मायक्रोफोन चालू असताना नारिंगी ठिपका दिसतो. अँड्रॉइडवर २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून हिरवी खूण दिसते आणि गेल्या चोवीस तासांत कोणत्या ॲपने मायक्रोफोन कधी वापरला, याची यादीही सेटिंग्जमध्ये मिळते. ‘हे सिरी’, ‘ओके गूगल’ अशा हाकेच्या शब्दाची वाट पाहणारी यंत्रणा फोनच्या आतच चालते आणि तिच्यासाठी ही खूण सहसा उमटत नाही, हेही ध्यानात ठेव.

मग नी-कॅप कुठून आली? तुझ्या मैत्रिणीचा गुडघा दुखत होता, तेव्हा तिने तुझ्याशी बोलण्याआधी तो विषय फोनवर शोधला असण्याचा संभव मोठा आहे. ती तुझ्या घरी आली आणि तिचा फोन तुमच्या वायफायला जोडला गेला, तर बाहेरच्या जगाला दोन्ही फोन एकाच पत्त्यावरचे दिसतात. तिच्या संपर्कयादीत तू आहेस, तुझ्या संपर्कयादीत ती आहे, आणि या याद्या कोणत्या ना कोणत्या ॲपने केव्हाच उचललेल्या असतात. जाहिरातदाराला तुमचे संभाषण ऐकण्याची गरजच उरत नाही. शिवाय त्या दिवशी डोळ्यांपुढून गेलेल्या इतर जाहिराती तुला आठवत नाहीत. जुळलेली तेवढी आठवते. तुझ्या बाबतीत नेमके हेच घडले, असे मी म्हणत नाही. तेही तपासावे लागेल.

तुझा संशय मुळातच निराधार आहे, असे मात्र मानू नकोस. स्पेनच्या ला लीगा या फुटबॉल लीगच्या ॲपने वापरकर्त्यांच्या फोनचा मायक्रोफोन वापरून, परवाना न घेता सामने दाखवणारी उपाहारगृहे हुडकण्याचा उद्योग केला आणि तिथल्या डेटासंरक्षण संस्थेने २०१९ साली अडीच लाख युरोंचा दंड ठोठावला. लीगचे म्हणणे होते की आम्ही संभाषण ऐकत नव्हतो, फक्त ध्वनीचा ठसा जुळवत होतो. त्याच वर्षी ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल यांच्या आवाजी सहायकांनी टिपलेली ध्वनिमुद्रणे कंत्राटी माणसे कानाला हेडफोन लावून ऐकत होती हे उघड झाले, आणि त्यांत हाक न मारता चुकून टिपलेले घरगुती बोलणेही होते. व्हिझिओ कंपनीचे टीव्ही पडद्यावर काय चालले आहे याची सेकंदासेकंदाची नोंद कंपनीकडे पाठवत होते. २०१७ साली त्याबद्दल बावीस लाख डॉलर भरून तिने प्रकरण मिटवले. या गोष्टी उजेडात आल्या, कारण कोणीतरी फाइल उघडली, नोंद वाचली, प्रश्न विचारला. फोन कपाटात ठेवून यांतले काहीही बाहेर आले नसते.

माझ्या नोकरीच्या काळातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझा हा हेका कुठून आला ते तुला कळेल. आमच्या ॲपमध्ये जाहिरातींसाठी बाहेरून घेतलेला एक तयार कोड जोडला होता. तो काय पाठवतो, असे मी विचारले, तेव्हा कोणालाच सांगता येईना. म्हणून मी फोन आणि इंटरनेट यांच्यामध्ये माझा संगणक उभा केला आणि जाणारी माहिती वाचत बसलो. फोन टेबलावर पालथा, स्क्रीन बंद, आणि माझ्यासमोर ओळी उमटत होत्या: अक्षांश-रेखांश, दशांशचिन्हापुढे पाच अंकांपर्यंत, म्हणजे सुमारे एका मीटरच्या अचूकतेने, जवळच्या वायफायचे नाव, बॅटरीची टक्केवारी, जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक, आणि वेळ. आवाजाचा एक कणही नव्हता. हे काढल्याशिवाय ॲपच्या नव्या आवृत्तीवर सही करणार नाही, असे मी सांगितले. मला अडेलतट्टू ठरवले गेले, आवृत्ती दुसऱ्याच्या सहीने बाहेर गेली आणि पुढे मी ती जागा सोडली. जवळच्या सहकाऱ्यांशी तुटले ते पुन्हा जुळले नाही, आणि ती खंत अजून आहे. परंतु सही न करण्याचा निर्णय मी आजही बदलणार नाही. माझ्याकडे मत नव्हते, नोंद होती, आणि नोंद वाचून झाल्यावर ती न वाचल्यासारखे वागणे मला जमत नाही.

आमच्या पिढीबद्दलही मला खंत वाटते ती याच कारणाने. आम्ही मायक्रोफोनवर वाद घालत राहिलो आणि स्थानमाहितीचा व्यापार डोळ्यांदेखत वाढला. पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदींचा अभ्यास करून संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की जागा आणि वेळ यांचे केवळ चार बिंदू माहीत असले, तर नाव नसतानाही ९५ टक्के माणसे वेगळी ओळखू येतात. रात्री फोन कुठे असतो, दिवसा कुठे असतो, दर महिन्याला कोणत्या दवाखान्यापाशी थांबतो, एवढे कळल्यावर तुझे बोलणे ऐकून आणखी काय मिळवायचे? गूगलमध्ये स्थानाचा इतिहास बंद केला, तरी दुसऱ्या एका सेटिंगमुळे स्थान नोंदले जात होते. या प्रकरणी २०२२ साली गूगलने अमेरिकेतील चाळीस राज्यांना ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. तू ज्या फोनला कपड्यांखाली दडवतेस, त्याचे जीपीएस चालू आहे का? तुझ्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही, आणि म्हणूनच मी इतका चिडलो आहे.

आणखी एक प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर मला दिले नाहीस तरी चालेल, स्वतःला दे. तुझ्या फोनचा पिन आणखी कोणाला माहीत आहे? पेगासससारखी हेरगिरीची साधने महाग असतात आणि निवडक लोकांवर रोखली जातात. त्यापेक्षा कितीतरी साधी गोष्ट म्हणजे फोन काही मिनिटे हातात मिळालेल्या ओळखीच्या माणसाने पाळत ठेवणारे ॲप टाकणे, किंवा तुझे खाते स्वतःच्या फोनवर उघडे ठेवणे. तुझ्या खात्यात सध्या कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, याची यादी आजच पाहा. अनोळखी उपकरण दिसले, तर घाईने काढू नकोस. आधी त्या यादीचे चित्र घेऊन सुरक्षित ठेव आणि ज्याच्यावर तुझा पूर्ण विश्वास आहे अशा माणसाला सांग.

आता कामाचे. एकेका ॲपची परवानगी बघ. विजेरीला मायक्रोफोन लागत नाही आणि खेळाला तुझे स्थान लागत नाही. अँड्रॉइड असेल तर जाहिरात-ओळखक्रमांक पुसून टाक. आयफोन असेल तर मागोवा घेण्याची परवानगी मागणाऱ्या प्रत्येक ॲपला नकार दे. तोवर फोन कपाटातून बाहेर काढ, कारण पुढच्या प्रयोगासाठी तो समोर लागेल. तुझ्याशी जाहिरातींचा धागा जुळणार नाही असे दोन अनोळखी विषय कोणाकडून तरी चिठ्ठीवर लिहून घे. त्यांपैकी एक रोज फोनजवळ मोठ्याने बोल, दुसऱ्याचा उच्चारही करू नकोस, दोन्ही कुठेही टंकू नकोस आणि शोधू नकोस. महिनाभर दिसणारी प्रत्येक जाहिरात तारीख-वेळेसह वहीत लिही. दोन्ही विषयांच्या जाहिराती सारख्याच आल्या, तर त्यालाही निष्कर्षच म्हणतात, तो टाळू नकोस. वही मला टपालाने पाठव, आणि महिना संपेपर्यंत ते दोन विषय मलादेखील मेसेजवर कळवू नकोस.